उसाच्या ट्रॅक्टरची बॅटरी रात्रीत का उतरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यात ऊस वाहतुकीला लावलेला ४५ एचपीचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. दोन महिन्यांपूर्वी ८८ एएचची (अँपिअर-तासांची) नवी बॅटरी टाकली. संध्याकाळी सेल्फ झटक्यात लागतो, पहाटे मात्र नुसतं टकटक. रात्री निगेटिव्हची केबल काढून ठेवली की पहाटे गाडी चालू होते. मेकॅनिकनं आधी बॅटरी बदलायला लावली, आता अल्टरनेटर बदला म्हणतोय. टेप, अँप्लिफायर, दोन एलईडी बार आणि ट्रॉलीला लाईटच्या माळा मागाहून बसवलेल्या आहेत. करंट कुठं जातोय ते घरच्या साध्या मीटरवर शोधता येईल का? आणि मेन स्विच बसवू का?

शोधता येतं. पण त्याआधी करंट खरंच जातोय का, हे नक्की करा. पहाटे सेल्फ न लागण्याची कारणं चार: बॅटरीच कमजोर आहे, बॅटरी दिवसा पुरती भरत नाही, भरलेली बॅटरी रात्री कुणीतरी खातंय, किंवा बॅटरी भरलेली असूनही टर्मिनलवरून सेल्फपर्यंत करंट पोहोचत नाही. बाहेरून चारही सारखीच दिसतात, म्हणूनच लोक अंदाजानं सामान बदलत सुटतात.

केबल काढून ठेवल्यावर गाडी चालू होते, यावरून बॅटरी धरून ठेवते असं दिसतं, आणि तिसऱ्या कारणावरचा संशय वाढतो. तरी यात एक फसगत आहे. केबल काढून पुन्हा बसवताना क्लॅम्प खरवडला जातो, नीट आवळला जातो. दोष टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थराचा असेल तर तोही तेवढ्यानंच बरा होतो, आणि आपण समजतो की रात्रीचा करंट वाचला. म्हणून एक पहाट केबलला हात न लावता, चावी फिरवायच्या आधी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर लावा. टोकं क्लॅम्पवर टेकवू नका, शिशाच्या खुंटीवरच टेकवा. १२.४ किंवा वर आकडा असेल आणि तरी टकटक होत असेल, तर शोध टर्मिनलचा, अर्थिंगच्या केबलचा आणि सेल्फला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइडचा घ्यायचा. आकडा १२ च्या खाली असेल तर करंट खरोखर गेलेला आहे.

आकड्यांचं गणित ठाऊक असू द्या. काही तास निवांत असलेली पाण्याची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते तेव्हा भरलेली असते, १२.२ ला साधारण निम्मी, १२.० ला पाव, ११.८ ला रिकामी. काही बॅटऱ्यांत उष्ण हवेसाठी ॲसिड थोडं पातळ भरतात, त्यात पूर्ण भरल्यावरही १२.५ च दिसतात. तो दोष नव्हे. इंजिन बंद केल्या केल्या मोजलेला १३ चा आकडा धरू नका, ती वरवरची सूज असते. हेडलाईट दोन मिनिटं लावून बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, मग मोजा.

आता अल्टरनेटर. इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ मिळत असतील तर तो भरतोय. पण भरणं वेगळं आणि पुरणं वेगळं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३५ ते ४५ अँपिअरचा असतो, तोही चांगल्या फेऱ्यांवर. आयडलवर त्याचा बराच कमी भाग हाती लागतो. हेडलाईटचे दोन ५५ वॉटचे बल्ब म्हणजे ९ अँपिअर. १०० वॉटचा एक एलईडी बार ८ अँपिअर, दोन म्हणजे १६. मोठ्या आवाजात अँप्लिफायर आणखी १०-१५ सहज ओढतो. कारखाना साखराळ्याचा असो, कुंडलचा असो की चिखलीचा, ऊस उतरवायच्या गव्हाणीच्या रांगेत इंजिन बंद करून दोन तास टेप लावला, मग दहा फूट पुढं सरकायला सेल्फ मारला, असं चार वेळा झालं की बॅटरी घरी येते तीच अर्धी. म्हणून सगळे लाईट, टेप लावून इंजिन चालू असतानाही एकदा मोजा. आकडा १३ च्या खाली घसरत असेल तर रात्रीचा चोर सापडला तरी तुमची अडचण निम्मीच सुटेल.

शोधाला लागण्यापूर्वी चोर किती मोठा आहे ते कागदावर काढा. रात्री ९ ते पहाटे ५ म्हणजे ८ तास. ८८ एएचची भरलेली बॅटरी निम्मी व्हायला ४४ एएच जावे लागतात, म्हणजे रात्रभर सतत साडेपाच अँपिअर, म्हणजे जवळजवळ ६५ वॉट. बॅटरी आधीच पाऊण भरलेली असेल तर अडीच-तीन अँपिअरही पुरतात. हे कळलं की अर्धे संशयित आपोआप सुटतात. टेपच्या घड्याळाची मेमरी ५-१० मिलिअँपिअर खाते. जीपीएसचा डबा काही दहा मिलिअँपिअर. ५० मिलिअँपिअर चोवीस तास गेले तरी दिवसाला १.२ एएच होतात, बॅटरी निम्मी व्हायला महिना लागेल. अर्धा अँपिअर असेल तर साडेतीन दिवस. तुमची एका रात्रीत बसते, तेव्हा जीपीएसवाल्याशी भांडू नका. कुठंतरी बल्ब पेटतोय, अँप्लिफायर जागा आहे, रिले (बारीक करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) चिकटलाय किंवा अल्टरनेटरमधून उलटा करंट जातोय.

मीटर लावायच्या आधी फुकटच्या दोन गोष्टी करा. रात्री गाडी लावल्यावर तासाभरानं, आजूबाजूचा दिवा बंद करून, गाडीभोवती आणि दोन्ही ट्रॉल्यांमागे चक्कर मारा. लाल उजेड दिसतो का? ट्रॅक्टरचा हँडब्रेक म्हणजे बहुधा ब्रेकचे पेडल दाबून अडकवलेलं लॉक. ब्रेकलाईटचा स्विच त्याच पेडलवर असतो. काही ट्रॅक्टरांत त्याचा करंट चावीतून येतो, मग चावी काढली की लाईट जातो. पण काही गाड्यांत तो थेट आहे, किंवा ट्रॉलीची वायरिंग करणाऱ्यानं सोय म्हणून थेट करून टाकलेला असतो. मग उतारावर लॉक लावून उभ्या केलेल्या गाडीचे ब्रेकलाईट रात्रभर जळतात. २१ वॉटचे दोन बल्ब ट्रॅक्टरचे, दोन ट्रॉलीचे, मिळून ७ अँपिअर. बॅटरी काही रात्री बसते आणि काही रात्री बसत नाही असं होत असेल, तर ज्या रात्री बसते त्या रात्री गाडी उतारावर होती का, हे आठवून बघा.

दुसरी गोष्ट, पहाटे इंजिन थंड असताना अल्टरनेटरच्या अंगाला आणि प्रत्येक रिलेला हात लावा. सगळं लोखंड गार आणि अल्टरनेटर कोमट असेल तर त्याच्या रेक्टिफायरचा डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग) शॉर्ट आहे. रिले कोमट असेल तर तो रात्रभर ओढलेला होता.

आता मोजणी. बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, अर्ध्या बॅटरीवर काढलेले आकडे दिशाभूल करतात. ट्रॉल्या जोडलेल्याच ठेवा. गॅरेजला ट्रॉली सोडून नेलेली गाडी निर्दोष निघते आणि घरी आली की पुन्हा बसते, त्याचं कारण हेच. चावी काढा, सगळं बंद करा, पेडलचं लॉक रोजच्यासारखंच लावा आणि चाकांना उटी द्या. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. केबल काढताना नेहमी निगेटिव्ह आधी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो, आणि नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो. चार्जिंगनंतर थोडा वेळ जाऊ द्या.

निगेटिव्ह केबल आणि निगेटिव्ह खुंटी यांच्या मधे पहिल्यांदा मीटर न लावता १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट जोडा. पूर्ण उजेडात पेटला तर करंट दीड-पावणेदोन अँपिअर किंवा जास्त ओढला जातोय. मंद पेटला तर त्याहून कमी. अजिबात पेटला नाही तर गळती लहान आहे किंवा या घडीला नाही. या बल्बमुळं मीटर वाचतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो, आणि मिलिअँपिअरच्या भोकाचा फ्यूज पहिल्या झटक्यात उडतो. मग मीटर शून्य दाखवतो आणि आपण खूश होतो.

नेमका आकडा हवा तर लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, काळी कॉममध्ये, डायल डीसी १० अँपिअरवर. लाल टोक सुटलेल्या केबलला, काळं बॅटरीच्या खुंटीला. पाच-दहा सेकंदांत वाचा आणि काढा. सेल्फ मारायचा नाही, हेडलाईट लावायचे नाहीत. डीसीचा चिमटा मीटर असेल तर केबल न सोडता जाड निगेटिव्हभोवती धरून काम होतं, पण आधी शून्य करून घ्या, आणि ५०-१०० मिलिअँपिअरच्या खालचे आकडे त्यावर धरू नका. घरच्या वायरमनकडचा फक्त एसीचा चिमटा इथं काहीच दाखवत नाही. काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपिअरवर विसरून बॅटरीला टोकं लावली की मीटर जळतो.

किती चालेल? तुमच्यासारख्या साध्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरला टेपची मेमरी सोडली तर जवळजवळ शून्यच यायला हवा. ५० एचपीच्या वरच्या, १ जानेवारी २०२३ नंतरच्या ट्रेम ४ या धुराच्या नियमांच्या ट्रॅक्टरांत ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असतो, तो चावी काढल्यावर काही मिनिटं जागा राहतो. तिथं अर्धा तास थांबून आकडा वाचायचा, आणि केबल सोडण्याआधी पुस्तिकेत काय सांगितलंय ते पाहायचं. अशा गाडीत फ्यूज उपटले की ईसीयू पुन्हा जागा होतो, म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजावेत. १० अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजवर ७-८ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १ अँपिअर जातोय. शून्य मिलिव्होल्ट म्हणजे त्या वाटेनं काही जात नाही.

बहुतेक जण इथून थेट फ्यूजबॉक्सकडे जातात आणि तासभर घालवतात. मागाहून बसवलेला माल फ्यूजबॉक्समधून गेलेलाच नसतो. म्हणून पहिला छेद बॅटरीच्या पॉझिटिव्हवर द्या. तिथं एका जाड केबलबरोबर चार-पाच बारीक वायरी बोल्टखाली दाबलेल्या दिसतील. त्यांना चिकटपट्टी लावून नंबर घाला. दर वेळी बल्ब किंवा मीटर काढून निगेटिव्ह मोकळी करायची, एक बारीक वायर सोडून टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची, मग पुन्हा जोडून बघायचं. कुठल्या वायरीला बल्ब विझला ते समजलं की काम झालं. सगळ्या सोडूनही तो पेटतोच असेल, तर सेल्फच्या सोलेनॉइडवरचा जाड बोल्ट पाहा, काही मिस्त्री तिथून लाईन घेतात. त्याच बोल्टवरून किंवा जवळून अल्टरनेटरच्या बी प्लसची, म्हणजे त्याच्या मुख्य पॉझिटिव्हची वायर जाते. ती सोडली आणि बल्ब विझला तर मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरलं, पण तरीही पूर्ण अल्टरनेटर बदलायची गरज नसते. डायोडची प्लेट वेगळी मिळते आणि ऑटो इलेक्ट्रिशियन ती बदलून देतो. जुन्या डायनामोच्या गाडीत त्या जागी कटआऊट असतो. त्याचे पॉइंट चिकटले तर बॅटरी उलट डायनामोलाच फिरवायला बघते आणि गळती बरीच मोठी होते. हे सगळं सोडूनही बल्ब विझला नाही, तरच फ्यूज एकेक करून काढा.

तुमच्या यादीत माझा पहिला संशय अँप्लिफायरवर आहे. टेपच्या मागून निघणाऱ्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात: पिवळी कायमच्या पॉझिटिव्हला, लाल चावीनंतरच्या लाईनला, काळी अर्थला, आणि निळी किंवा निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर अँपला जागं करायला. चावी काढली तरी गाणी चालावीत म्हणून बसवणारे पिवळी आणि लाल एकत्र पिळून बॅटरीला देतात. मग टेप पुरता झोपत नाही. अँपच्या रिमोटच्या टोकाला टेपची निळी न जोडता थेट पॉझिटिव्ह दिली असेल, तर आवाज नसतानाही अँप अर्धा ते दोन अँपिअर खात बसतो. त्याचा पॉवरचा बारीक दिवा रात्री पेटलेला दिसेल. उपाय सोपा: लाल वायर वेगळी करून चावीनंतरच्या लाईनला किंवा एका साध्या स्विचला, आणि रिमोट निळीलाच. रांगेत गाणी ऐकायचीच असतील तर तो स्विच हाताशी ठेवा.

दुसरा संशय एलईडी बारच्या रिलेवर. ३० अँपिअर छापलेला स्वस्त रिले दोन बारांच्या भारानं तापत राहतो आणि त्याचे पॉइंट वितळून चिकटतात. मग स्विच बंद केला तरी बार पेटलेला राहतो, ते लगेच लक्षात येतं. लक्षात न येणारा प्रकार वेगळा. बार पुढून बंद आहेत, पण रिलेची कॉइल थेट पॉझिटिव्हवर असल्यानं तो ओढलेलाच आहे. एक कॉइल दीड-एकशे मिलिअँपिअर खाते. एकट्यानं रात्रीत बॅटरी बसवणार नाही, पण गाडी दोन आठवडे उभी राहिली तर बसवेल.

ट्रॉलीचा प्लग हा तिसरा ठिकाणा. उसाचा रस, पाचटाची ओल आणि रस्त्याचा चिखल सात पिनांच्या सॉकेटमध्ये साठतो, पिनांमधे हिरवा थर जमतो आणि शेजारच्या पिनेत करंट उतरतो. प्लग काढून आकडा पडतो का बघा. पडला तर सॉकेट नुसतं पुसून भागत नाही, मागची वायर कापून तांबं चकचकीत लागेपर्यंत मागं जावं लागतं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी पाण्याखाली गेली असेल तर हे सगळ्या वायरिंगबाबत लागू आहे. गाळ कनेक्टरमध्ये राहतो आणि ओल इन्सुलेशनखालून आत सरकते. अशा गाडीची गळती दुपारच्या उन्हात नाहीशी होते आणि पहाटेच्या दवात परत येते, तेव्हा मोजणीही पहाटेच करायची.

बॅटरीचा माथा राहिला. काळं टोक निगेटिव्हवर न ठेवता प्लास्टिकच्या झाकणावर फिरवा, लाल पॉझिटिव्हवर. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर ॲसिड-धुळीच्या थरातून करंट वाहतोय. झाकणं घट्ट लावून, पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसा, साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये. व्हॅसलिन क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून लावायचं, खुंटी आणि क्लॅम्पच्या मधे नाही.

चोर सापडल्यावर वायरिंग पुन्हा तशीच जोडू नका. प्रत्येक बारला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, प्रत्येकाला वेगळा रिले, आणि रिलेची कॉइल चावीनंतरच्या लाईनवर. वायर बॉनेटच्या बिजागरीजवळून आणि सायलेन्सरजवळून नेऊ नये.

मेन स्विच बसवू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बसवा, पण दोष काढल्यावर. निगेटिव्ह केबलमध्ये, सेल्फचा करंट पेलणारा घ्या. सेल्फ लागताना काहीशे अँपिअर जातात, हलका स्विच आतून जळतो आणि पुन्हा तेच टकटक सुरू होतं. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करायचा नाही, अल्टरनेटरचा रेग्युलेटर आणि डायोड त्या झटक्यात जातात. हंगाम संपून पावसाळ्यात गाडी शेडमध्ये उभी राहते तेव्हा तो खरा उपयोगी पडतो. तेव्हाही महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा, कारण काहीही जोडलेलं नसलं तरी ती आतून हळूहळू उतरतेच, आणि उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं.

तुमच्या नव्या बॅटरीचंही हेच. ती दोन महिन्यांत कितीदा पूर्ण बसली? सेल्फची बॅटरी अशी वारंवार रिकामी होण्यासाठी बनवलेली नसते. वायरिंग नीट झाली की ८-९ अँपिअरच्या चार्जरवर १०-१२ तास पूर्ण भरून घ्या, शेतापासून कारखान्यापर्यंतच्या एका खेपेत अल्टरनेटर ते काम करू शकत नाही. मग हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीनं) सहाही सेल मोजा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असेल तर तो गेलाय, वॉरंटीच्या कार्डासकट दुकानात जा. सगळे सारखे निघाले तर सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली आकडा जातो का ते एका थंड पहाटे बघा. गेला नाही, तर बॅटरी चांगली आहे.